चौथ्या सत्राचा अहवाल

फॉर्मवरचा पहिला प्रश्न: या चार महिन्यांत काय शिकलात?
उत्तराला जागा दोन बोटं.
मी लिहिते: तेरा पंपांवर सेन्सर बसवले,
कंपनं मोजली, आलेख काढले, निष्कर्ष जोडले.
ओदेत जर्वे, मेकॅनिकल, तिसरं वर्ष.
जागा संपते.

आता जे मावलं नाही ते.

जानेवारीत आले तेव्हा सरोवर काठापर्यंत गोठलेलं.
कागदगिरणीची वाफ सरळ वर जायची
आणि गावभर सडक्या कोबीचा वास.
"होईल सवय," रेइनो लाहतेला म्हणाला.
"हा वास गेला की घाबरायचं."

माझ्या हेल्मेटला हिरवी पट्टी:
ही नवी आहे, हिच्यावर लक्ष असू द्या.
माझ्याआधी एकतीस जण येऊन गेले.
त्याच्या लॉकरच्या दाराला आतून खडूच्या रेघा, नावं नाहीत.
एक रेघ तेवढी आडवी.
"तो बॉयलरपाशी चक्कर येऊन पडला होता."

एक सत्र वर्ग, एक सत्र गिरणी, पुन्हा वर्ग.
एका पायावर उभं राहून
दुसऱ्या पायाच्या बुटाचे पैसे जमवायचे.
बाबा उत्तरेत लाकडांचा ट्रक चालवतात.
त्यांना वाटतं मी ऑफिसात बसते.

तिसऱ्या रात्री त्यानं हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर दिला.
टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडाला.
"ऐक."
गडगडाट.
"आता सातव्या पंपाचं."
गडगडाट.
"परत चौथ्याचं."
गडगडाट, आणि माझी मान अवघडलेली.

फेब्रुवारी सरताना एकदा
त्या गडगडाटाच्या पोटात
दाताखाली खडा यावा तसं काहीतरी.
मी बोलले नाही.
त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि थर्मासचं झाकण भरून कॉफी पुढे केली.
साखर नव्हती.

मार्चमध्ये माझं सादरीकरण.
माझ्या आलेखांनंतर मॅनेजरबाईंनी स्वतःचं एक पान जोडलं होतं:
रात्रीची हातानं तपासणी, तीन तास,
गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले पगार.
गुणाकार मी केला नव्हता.
आकडे माझेच होते.
टाळ्या वाजल्या. कुणीतरी डोनट आणले होते.

त्या रात्री फेरीवर आम्ही दोघंच.
"तुझ्या डबीला चौथ्याचा खडा कळला?"
"कळला."
"कधी?"
"तुमच्यानंतर नऊ दिवसांनी."
तो हसला, खोकल्यापर्यंत हसला.
"नऊ दिवस परवडतात त्यांना," म्हणाला,
आणि पाचव्याकडे वळला,
कारण चौथ्यानंतर पाचवा येतो.

मी माफी मागणार होते.
वाक्य फ्रेंचमध्ये जुळवलं, मग इंग्रजीत,
तोवर अकरावा पंप आला होता.

पर्यवेक्षकाचा अभिप्राय त्यानंच भरला.
वक्तशीरपणा: उत्तम. सुरक्षितता: उत्तम.
सुधारणेला वाव कुठे?
पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात:
काम करताना शिट्टी वाजवते. वाजवू नये. ऐकू येत नाही.

एप्रिलअखेर मी बस पकडली तेव्हा
बर्फ फुटत होता, सरोवरावरून करकर यायची.
जूनपासून रात्रीची फेरी बंद, असं कळलंय.
तो दिवसपाळीत रंगकामाला,
की घरी, ते कळलेलं नाही.
मी फोन केलेला नाही.

शेवटचा प्रश्न:
ही जागा इतर विद्यार्थ्यांना सुचवाल का?
दोन चौकोन. होय. नाही.

मे महिना. वर्गात सर फळ्यावर
एक लाट तोडून तिच्या अनेक लाटा करतायत,
चिन्हं सगळी बरोबर.
मी पेन्सिलीचं एक टोक बाकाला लावते,
दुसरं कानामागे.
छतावरच्या मोठ्या पंख्यात
खडा आहे.
या इमारतीत हे कुणाला सांगायचं असतं,
मला माहीत नाही.